चौथं चाक

नंदकुमार दिघे स्कूटरची किल्ली विसरले म्हणून परत वर गेले, तेवढा वेळ त्यांची रिमोटची गाडी वॉचमनच्या केबिनपुढच्या कट्ट्यावर राहिली. खाली येऊन पाहतात तर वॉचमन गाडीचा सुटलेला टायर डोळ्यांसमोर धरून उन्हात फिरवून बघत होता.

"अहो वॉचमन! ठेवा ते खाली. खेळणं नाहीये ते. दोह्याहून आलंय."

वॉचमनने टायर खाली ठेवला नाही. "साहेब, हे रबर कुणी धुतलेलंच नाही," तो म्हणाला. "न धुता गम लावलाय. बसेल कसा?"

दिघे थांबले. गेले तीन रविवार हाच घोळ चालला होता. हातभर लांबीची ती गाडी त्यांच्या धाकट्या भावाने आदल्या वर्षी दोह्याहून आणली होती. मुलुंडच्या एका शाळेच्या मैदानावर रविवारी सकाळी आठ-दहा जण आपापल्या गाड्या घेऊन जमत. कुणी अंधेरीहून येई, कुणी घाटकोपरहून. सगळे नोकरदार, सगळे चाळिशीच्या आसपास. दिघ्यांची बायको शुभा पाहुण्यांना सांगायची, "मला दोन मुली आणि एक मुलगा. मुलगा बेचाळीस वर्षांचा आहे." गाडी सरळ रेषेत सगळ्यांच्या पुढे पळायची आणि पहिल्या जोरकस वळणावर टायर रिमवरून सुटून ती बाजूला कलंडायची. मैदानावर तिचं नाव म्हैस पडलं होतं.

"तुम्हाला काय माहीत रबराचं?" दिघ्यांनी विचारलं.

"मी रोलर खात्यात होतो. बावीस वर्षं."

दिघ्यांना त्यातलं काही कळलं नाही. तीन वर्षं हा माणूस त्यांच्या सोसायटीच्या गेटवर बसत होता. त्याचं नाव धाकू घाडी आहे, हेही त्यांना त्या दिवशी समजलं.

रोलर खातं म्हणजे काय, हे धाकूला आता कुणाला सांगावंच लागत नसे, कारण कुणी विचारतच नव्हतं. कापडगिरणीत सूत काढणाऱ्या यंत्रांवर बोटभर जाडीचे पोलादी रोलर असतात, एकेका खात्यात हजारोंनी. त्यांच्यावर रबराचं कवच चढवलेलं असतं आणि त्या रबराखालून कापसाचा पेळू दाबला जात, ओढला जात बारीक होतो. रबर केसाएवढं घसरलं तरी सूत जाड-बारीक येतं आणि मग वरून खाली सगळे एकमेकांच्या नावाने ओरडतात. ते रबर पोलादावर चिकटवायचं काम धाकूचं. देवगडाजवळच्या गावाहून तो अठराव्या वर्षी आला, तेव्हा रोलरवर कातडं लागायचं. पुढे रबर आलं. गम बदलले, साहेब बदलले. दादू मुकादमाने पहिल्या आठवड्यात शिकवलेली एक गोष्ट तेवढी कधी बदलली नाही.

गम लावला की लगेच जोडायचं नाही. तो सुकत यावा लागतो. पुरता सुकला तर मेला, ओला राहिला तर आत हवा धरून बसतो. मधे एक घडी असते, मिनिटभराची, कधी त्याहूनही कमी. ती घड्याळात दिसत नाही. बोट वाकवून त्याच्या मधल्या पेराची पाठ गमाला हलकेच टेकवायची. पेराची पाठ अशासाठी, की बोटाच्या टोकाला घाम असतो. दादू म्हणायचा, "बोटाक लागाक होया, पण बोटावांगडा येवक नको." बोटाला लागलं पाहिजे, पण बोटाबरोबर उचलून यायला नको. एवढंच. एवढंच कळायला धाकूला दीड वर्ष लागलं होतं, आणि एकदा कळल्यावर खात्यात त्याच्या रोलरला दुसरा माणूस हात लावून बघत नसे.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. तो गिरणीच्या गेटवरून परत आला आणि भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत बसला. बोटांना मुंग्या त्याआधीपासूनच यायच्या. गमाच्या डब्यातल्या वासाने डोकं दुखायचं, त्यातलाच हा एक त्रास, असं तो समजत होता. काम सुटलं, वास सुटला, तेव्हा मुंग्याही गेल्या. मुंग्या गेल्या म्हणजे बरं झालं असं त्याला वाटलं. त्यांच्या जागी काहीच उरलेलं नाही, हे कळायला आणखी काही महिने गेले. शर्टाचं बटण बघूनच लावायला लागायचं. खिशातलं नाणं पंचवीस पैशांचं की पन्नासाचं, ते बाहेर काढल्याशिवाय कळेना.

चौऱ्याऐंशीत गिरणीने थोडी माणसं परत घेतली. धाकूलाही बोलावणं आलं. नव्या साहेबाने रोलर पुढे ठेवला, गमाचा डबा ठेवला आणि म्हणाला, "चढवून दाखव." धाकूने गम लावला, वाट पाहिली, पेराची पाठ टेकवली. समोर गम होता आणि त्यावर बोट होतं. दोघांच्या मधे काही घडलं नाही. त्याने अंदाजाने रबर चढवलं. साहेबाने अंगठ्याने नुसतं ढकललं तर ते केळ्याच्या सालीसारखं सुटून आलं. साहेब रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त पुढच्या माणसाचं नाव वाचायला लागला.

घरी येऊन धाकूने बायकोला सांगितलं, "यादीत नाव नव्हता."

त्यानंतर तो मुलुंडला वॉचमन म्हणून लागला. गेट उघडायला आणि लावायला बोटांत जीव लागत नाही.

आणि आता दिघे म्हणत होते, "बसवून द्याल का? चारही? फाटला तर दुसरा मिळायचा नाही हां, एवढा एकच सेट आहे." मग जरा थांबून, गेटकडे आणि त्याच्या खाकी सदऱ्याकडे बघत ते म्हणाले, "आमच्या कंपनीत छपाईच्या मशिनचे रबरी रोलर येतात. भांडुपच्या एका गाळ्यात बनतात. सीताराम मेस्त्री म्हणून आहे, तुमच्याच कोकणातला. रबर चढवणारा धड माणूस मिळत नाही म्हणून वर्षभर रडतोय. हे काम जमलं ना, तर रविवारी त्याला मैदानावरच बोलावतो. बघू दे त्याला."

धाकू हो म्हणाला. हात त्याने तेव्हा पाठीमागे धरले होते.

गम निवडण्यात पहिले दोन दिवस गेले. दिघ्यांच्या पेटीत एक तडकलेला रिम आणि एक झिजलेला जुना टायर होता. धाकूने तो टायर कापून तीन पट्ट्या केल्या. सायकलवाल्याकडून पंक्चरचं सुलेशन आणलं, नाक्यावरच्या दुकानातून क्षणात चिकटणाऱ्या गमाची इवलीशी नळी आणली आणि टेबलांना सनमायका लावणाऱ्या सुताराकडून वाटीभर पिवळा गम. रिमच्या प्लॅस्टिकवर तिन्ही पट्ट्या तीन गमांनी बसवल्या आणि एक दिवस तशाच ठेवल्या. मग रिम खिळ्याला अडकवून, पट्टीच्या टोकाला आकडा लावून, खालच्या वाण्याकडून मागून आणलेली वजनं त्याने टांगायला सुरुवात केली. बोटांनी ओढून बघण्यात अर्थ नव्हता. वजन खोटं बोलत नाही.

सुलेशन अर्ध्या किलोलाच सुटलं. आवाज न करता, हळूहळू घसरत गेलं. ते रबराला रबर जोडणारं. प्लॅस्टिकशी त्याची ओळखच नव्हती. नळीतल्या गमाने दोन किलो सहज पेललं, पण पट्टी जरा मुडपली की कट् असा आवाज करून तो काचेसारखा तुटला. दिघ्यांनी हाच वापरला होता. वळणावर टायर मुडपतो, तिथे त्याचं काय चालणार? शिवाय तो थांबतच नाही. लावला की धरला, चूक झाली की झाली. ज्या गमाला वाट बघता येत नाही त्याच्यावर धाकूचा विश्वास बसेना.

पिवळ्या गमाने दोन किलो धरलं. मुडपलं, पिळलं तरी धरलं. जाड लागला होता तिथे मात्र प्लॅस्टिक किंचित मऊ पडलं होतं. म्हणजे पातळ लावायचा. दोन हात, पातळ.

"ठरला," धाकू म्हणाला.

त्याची बायको शेवंती दाराशी उजेडात बसून शर्टांचे धागे कापत होती. एका कारखान्याचे शर्ट ती घरी आणायची, गठ्ठ्याने. शिवणीतून वर आलेलं दोऱ्याचं टोक तिचं बोट न बघता शोधायचं, मग कात्री चालायची. "चार चाका बसवूक दोन दिवस गम शोधतत," ती म्हणाली. "तेवड्यात लोक घर बांधतत."

"तुका नाय कळाचा."

"माका नायच कळाचा. चाय होयी काय?"

संध्याकाळी त्याने टायर वॉशिंग पावडरने घासून धुतले. कारखान्यातून साच्यातून निघताना रबराला तेलकट हात लागलेला असतो, तो डोळ्याला दिसत नाही. मग थिनरच्या फडक्याने कडा पुसल्या. रिमच्या खाचेतून काचपेपर फिरवला, चकाकी जाईपर्यंत. पंखा बंद केला. काडीला कापूस गुंडाळून खाचेत एक हात, टायरच्या कडेवर एक हात. सुकला. दुसरा हात. हे सगळं त्याच्या हातांना डोळ्यांच्या मदतीने जमत होतं. पुढचं जमणार नव्हतं.

"गो," तो म्हणाला. "हयसर ये जरा. माझ्या हाताक तंबाखू लागलीहा. गमाक तंबाखू चलणा नाय. तू बोट लावून बघ."

शेवंतीने त्याच्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. कात्री बाजूला ठेवून ती उठली. "टोक नको," तो म्हणाला. "पेराची पाठ. अशी. हलकी."

"लागता."

"बोटावांगडा येता?"

"येता."

"थांब मगे."

दोघं थांबली. बाहेर कुणीतरी नळावर भांडत होतं. त्या दोघांना एकमेकांसमोर बसून नुसती वाट पाहायची सवय नव्हती. तिने मधेच पुन्हा बोट टेकवलं, मान हलवली. आणखी थोडा वेळ गेला. मग ती म्हणाली, "आता लागता. येणा नाय."

धाकूने त्याच क्षणी टायर खाचेत बसवला. आधी वर, मग बरोबर समोर खाली, मग दोन बाजू, म्हणजे रबर कुठे गोळा होत नाही. सायकलच्या ट्यूबची पट्टी गच्च गुंडाळली. घड्याळात पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती. दुसऱ्यालाही अकराच लागली. तिसऱ्यालाही.

तिसरा बांधून झाला तेव्हा शेजारची नलिनी चाळण परत द्यायला आली. ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेली ती तीन चाकं बघून म्हणाली, "काय गो ह्या? बाळंतीण बांधून ठेवल्यासारख्या?"

शेवंती हसली. "रोलर खात्यातले मोठे कारागीर ना आमचे! चिकटयतत हे, पण बोट माझा. नाव तेवडा ह्यांचा!"

नलिनी खो खो हसली. धाकूही हसला. हसताना त्याने चौथा टायर फडक्यात गुंडाळला आणि गमाच्या वाटीवर झाकण ठेवलं.

"ह्यो रवलो ना?" नलिनी गेल्यावर शेवंती म्हणाली.

"उद्या."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. तो चौथा टायर, रिम आणि वाटी पिशवीत घालून मुलुंडला घेऊन गेला. दुपारी जेवणानंतर सोसायटी सामसूम असते. केबिनमध्ये बसून त्याने सगळं केलं, तसंच, त्याच क्रमाने. धुणं, पुसणं, काचपेपर, एक हात, दुसरा हात. मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत गेटवर कुणी आलं नाही, कुणी हाक मारली नाही. नंतर कारण म्हणून सांगता येईल असं काही घडलंच नाही. शेवटी सवयीने त्याने पेराची पाठ गमाला टेकवली. काही कळलं नाही. घड्याळ म्हणत होतं झालं, म्हणून त्याने टायर बसवला.

केबिनला पत्र्याचं छप्पर होतं आणि दुपारचे दोन वाजले होते. घरातली अकरा मिनिटं संध्याकाळच्या गारव्यातली होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. गिरणीत पहिल्या महिन्याच्या उमेदवारालाही दादू घड्याळाकडे बघू देत नसे.

रविवारी दिघ्यांनी त्याला स्कूटरवर मागे बसवून मैदानावर नेलं. गाडी धाकूच्या मांडीवर होती. सीताराम मेस्त्री आधीच येऊन उभा होता. ठेंगणा, पन्नाशीचा, नखांच्या कडेला काळं बसलेला. "तू रे खयचो?" त्याने विचारलं.

"देवगडाकडचो."

"खात्यात मुकादम कोण होतो?"

"दादू."

सीतारामच्या चेहऱ्यावर ओळख उमटली; रोलरच्या धंद्यात दादूचं नाव त्यानेही ऐकलेलं होतं. "दादूचो माणूस!" तो म्हणाला. "मगे बघूक होया."

गाडी सुटली. पहिल्या वळणावर सगळ्यांनी सवयीने "गेली, गेली!" केलं, पण ती गेली नाही. मागचा भाग किंचित घसरला, टायरांनी माती फेकली आणि गाडी सरळ झाली. दुसरं वळण, तिसरं. एक फेरी झाली, दोन झाल्या. दिघे रिमोट छातीशी धरून, जीभ दातांत पकडून उभे होते. "अरे, म्हैस पळतेय यार!" घाटकोपरचा कुणीतरी ओरडला. धाकू गाडीकडे बघत नव्हता. तो मागच्या उजव्या चाकाकडे बघत होता. मैदानावरची वळणं डावीकडे होती, म्हणजे सगळा भार त्याच चाकावर येणार होता. आणि ते चौथं होतं.

पाचव्या फेरीत ते सुटलं. टायर एकटाच थोडा वेळ पुढे धावला. गाडी दोनदा उलटली आणि कुंपणाच्या भिंतीला जाऊन आपटली.

"बसली! दिघे, बसली तुमची म्हैस!"

दिघे धावत गेले आणि गाडी उचलून घेऊन आले. पुढच्या बाजूला तडा गेला होता, पण ते रागावलेले नव्हते. "पाच फेऱ्या!" ते सीतारामला सांगत होते. "आजवर एक पुरी झाली नव्हती. रिमलाच चीर असेल हो त्या. प्लॅस्टिक ते."

सीतारामने गाडी हातात घेतली. तीन टायर एकेक करून अंगठ्याने ढकलले, पिळले, कडेपासून ओढून पाहिले. ते हलले नाहीत. मग त्याने रिकामा रिम उन्हात धरला. खाचेतला गम मेणासारखा गुळगुळीत आणि चकचकीत होता; त्यावर रबराचा एक कणही लागलेला नव्हता. तो बराच वेळ बघत राहिला.

"ह्या तिनांवर एका माणसाचो हात आसा," तो म्हणाला. "ह्येच्यावर दुसऱ्याचो. हयसर गम मेल्यावर जोडलोहा. खरा काय ता सांग."

दिघ्यांनी आधीच वाट करून दिली होती. रिमला चीर आहे, एवढंच म्हणायचं होतं. सोमवारी गाळ्यात जायचं, खुर्चीवर नाही तर स्टुलावर बसायचं, पण समोर रबर असेल, गम असेल, तो वास असेल. आणि मग कुणी रोलर पुढे ठेवून म्हणेल, चढव. छपाईच्या मशिनवर चालत्या रोलरचं रबर सुटलं तर ते केळ्याच्या सालीसारखं नुसतं हातात येत नाही, कुणाचा तरी हात घेऊन जातं. धाकूला तो साहेब आठवला, जो रागावलाच नव्हता.

"चौथा माझा," तो म्हणाला. "तीन माझे नाय."

"मगे कोणाचे?"

धाकूने हात पुढे केले, जणू सीतारामला त्यात काही दिसणार होतं. "माझ्या बोटांक काय लागना नाय. चार वर्सा झाली, पाच झाली. गम ठरवलंय मी, लावलंय मी. जोडूचा कधी ता घरातल्यांनी सांगला. चौथ्याक मी त्यांका बोलवलंय नाय."

सीतारामने रिम फिरवला, पुन्हा त्या तीन टायरांवर अंगठा दाबला.

"घरातली पैल्यांदाच करीत होती?"

"होय."

"तिनातली तिनय बरोबर?" सीतारामने स्वतःशीच मान हलवली. "माझ्याकडे दोन बायका आसत, रबराच्या कडा कापूक. तिसरी चलात. उद्या सकाळी धाड तेंका." त्याने खिशातून डायरी आणि पेन काढलं. "नाव?"

धाकू पायाखालच्या मातीकडे बघायला लागला.

"अरे नाव सांग! रजिस्टरात काय लिवू? 'घरातली'?"

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. धाकूने बायकोचं नाव चारचौघांत एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, तेही मागून कुणीतरी ढोसलं म्हणून. त्यानंतर 'गो' होतं, 'घरातली' होती, 'आमची' होती.

"शेवंती."

"शेवंती काय?"

"शेवंती धाकू घाडी."

सीतारामने लिहिलं. आपलं नाव असं तिच्या नावाच्या मधे येऊन बसलेलं धाकूने पहिल्यांदाच ऐकलं. पेन खिशाला लावत सीताराम म्हणाला, "तुझा वायट वाटता रे. दादूचो माणूस तू. पण माका बोट होया. हमाल माझ्याकडे आसत." मग तो दिघ्यांशी त्यांच्या कंपनीच्या ऑर्डरबद्दल बोलायला लागला.

परत येताना दिघ्यांनी स्कूटर मुद्दाम सावकाश चालवली. गेटशी उतरल्यावर त्यांनी चौथं चाक आणि टायर धाकूच्या हातात दिला. "हे परत बसवून द्या. घाई नाही," ते म्हणाले. आणि वर जाताना थांबून, "धाकू, गेटवर तुम्ही आहातच ना?"

"आसंय साहेब," धाकू म्हणाला. मग सुधारून, "आहे."

घरी शेवंतीने सगळं ऐकून घेतलं. कात्री थांबली नव्हती. नाव सांगितलं, तिथे ती जरा अडखळली. सोमवारचं सांगितलं, तेव्हा तिने शर्ट मांडीवरून खाली ठेवला.

"त्या परक्या माणसाक सांगलात," ती म्हणाली. "माका नाय."

"काय सांगूचा होता?"

"हाताचा."

धाकूने तिच्याकडे पाहिलं. "तुका म्हायत होता?"

"दोन वर्सा. तापलेलो तवो उचललात आणि तसेच हुबे रवलात. फोड इलो तेव्हा तुमी त्येका बघून दचाकलात." तिने खाली ठेवलेला शर्ट झटकला. "यादीत नाव नव्हता म्हणालात, तेव्हाच माका वाटला. तुमचा नाव यादीत नाय असा कसा होयत?"

"मगे बोललंस कशाक नाय?"

"तुमी म्हणालात, तंबाखू लागलीहा. मी म्हटला, तंबाखू तर तंबाखू." तिचा आवाज चढला. "आणि नलिनीसमोर मी हसलंय म्हणून चौथा उचलून घेऊन गेलात. पोराटोरासारखे! चारय बसले असते तर?"

चारही बसले असते तर आज काय झालं असतं, हे दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. कदाचित धाकू त्या गाळ्यात गेला असता आणि आठवड्याने परत आला असता. कदाचित रोज संध्याकाळी एक खोटं घेऊन घरी येत राहिला असता. तो भिंतीला टेकून बसला. शर्टांचा गठ्ठा त्या दोघांच्या मधे होता.

मग शेवंतीच म्हणाली, "माका उद्या भीती वाटता. गम लागता की नाय ता कळता माका. रबर चढवूचा खय कळता? काचपेपर कसो मारूचो, किती मारूचो? ते इचारतले, तेव्हा काय सांगू?"

धाकू उठला. पिशवीतून चौथं चाक काढलं, थिनरचं फडकं आणि वाटी काढली. मेलेला गम खाचेतून खरवडून काढायला लागतो, नवा त्याच्यावर बसत नाही, हे त्याने सांगितलं. खरवडताना रिमला चरा पडू द्यायचा नाही, हे सांगितलं. ती खरवडत होती आणि तो बघत होता. "तिरकी धर. अशी नाय." दोनदा त्याचा हात पुढे गेला आणि दोनदा त्याने तो मागे घेतला. खात्यात दादू असाच मागे उभा राहायचा, पण दादूचे हात चांगले होते.

तिने धुतलं, पुसलं, काचपेपर मारला. पंखा बंद केला. पहिला हात, मग दुसरा. काडी तिने वाटीच्या काठाला निथळली, जास्तीचा गम काढून टाकला. हे त्याने सांगितलं नव्हतं. दोघं समोरासमोर बसली. घड्याळ फळीवर होतं आणि धाकूची पाठ त्याच्याकडे होती.

"बघ गो," धाकू म्हणाला. "माका कळणा नाय."

शेवंतीने बोट वाकवलं आणि पेराची पाठ गमाला टेकवली.